शेवटच्या राउंडचं चाक

माझा धाकटा भाऊ मोटरसायकलच्या शर्यती खेळायचा, असं गेवराईत कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "ॲव्हरेज किती देती मग?" हायवेला माझं गॅरेज आहे, त्यामुळे हा प्रश्न दिवसातून दहादा कानावर पडतो. पण भावाच्या गाडीबद्दल विचारला की माझं टाळकं सरकतं. एकदा एका कापसाच्या व्यापाऱ्याला मी म्हणालो, "एका लिटरला एक माणूस." तो मिशीत हसला. त्याला ती गंमत वाटली.

खेळायचा म्हणालो, कारण आता खेळत नाही. का खेळत नाही, ते सांगायलाच बसलो आहे.

आमची वस्ती उमापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी जन्मभर मेंढरं राखली, थोडं रान केलं आणि एक बैलजोडी सांभाळली, ती मात्र अशी की आईला अजून तिचा हेवा वाटतो. "माजे पाय दुकतेत का म्हणून कदी इचारलं का?" असं ती म्हणायची, आणि अण्णा बैलाच्या पायाला तेल चोळत राहायचे. मी पंधराव्या वर्षी गॅरेजात शिकायला गेलो, धाकटा माझ्या मागून आला. दुरुस्त झालेली गाडी चक्कर मारून बघायचं काम त्याचं. मी खोलून गाडी ओळखायचो, तो नुसता बसून ओळखायचा. पुढच्या चाकाच्या बेअरिंगला आठ दिवसांनी आवाज येणार, हे तो आजच सांगायचा आणि आठ दिवसांनी गिऱ्हाईक दारात उभं असायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि थोडा रागही यायचा. खोटं कशाला बोलू?

हायवे चौपदरी होत होता तेव्हा गावाबाहेरचा एक तुकडा तयार होऊन पडला होता, वाहतुकीला उघडला नव्हता. त्यात एक लांबलचक वळण होतं. धाकटा उजाडल्या उजाडल्या तिथं जायचा आणि गुडघा रस्त्याला घासेपर्यंत तेच वळण पुन्हा पुन्हा घ्यायचा. रस्ता बंद आहे वगैरे गोष्टी वाळूचे टिप्पर मानत नाहीत. म्हणून वळणाच्या पलीकडच्या तोंडाला अण्णा मेंढरं घेऊन उभे राहायचे. सगळा कळप रस्त्यावर आडवा. टिप्परवाला हॉर्न वाजवून थकायचा, मग आईबहिणीवर यायचा. अण्णा काठीवर हनुवटी टेकवून म्हणायचे, "जनावर हाय बाबा, त्येला काय कळतंय?" आतून गाडीचा आवाज बंद झाला की मगच मेंढरं हलायची. पुढं मोठ्या ट्रॅकवर झेंडे घेतलेले मार्शल खूप बघितले. अण्णांइतका चोख मार्शल मला कुठं दिसला नाही.

दोन वर्षं आम्ही दक्षिणेतल्या ट्रॅकवर गेलो. पिकअपमध्ये गाडी बांधायची, दीड दिवस जायचं, दीड दिवस यायचं, असे सीझनला पाच राउंड. तिथं मोठ्या टीमांचे पांढरे तंबू, पंखे, टायर तापवायच्या विजेच्या गाद्या. आमच्याकडं एक ताडपत्री, माझी पान्यांची पेटी आणि वरून पडणारं ऊन. पहिलं वर्ष नुसतं शिकण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी चार राउंड संपले तेव्हा धाकटा गुणांमध्ये तिसरा होता.

चौथ्या राउंडनंतर एका टीमचा मॅनेजर आमच्या ताडपत्रीपाशी आला आणि उभ्या उभ्याच बोलला. सीझन संपताना पहिल्या तिघांत राहिलास तर पुढच्या वर्षी आमच्याकडं ये. आमची गाडी, आमचे टायर, आमचा मेकॅनिक. मी तिथंच पाना हातात घेऊन बसलो होतो. 'आमचा मेकॅनिक' हे शब्द मी गिळले. भाऊ मोठा होणार असेल तर तेवढं गिळायला काय जातं? हिशेब सोपा होता. शेवटच्या शर्यतीत पहिल्या सहात यायचं, की तिसरी जागा पक्की. धाकट्याला अठ्ठावीस लागलं होतं. त्या खेळात या वयात नवखा म्हणून कुणी दारात उभं करत नाही. आता नाही तर कधीच नाही, हे आम्हा दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

त्या शर्यतीसाठी पुढचा एक कोरा टायर आम्ही राखून ठेवला होता. जादाच्या रिमवर चढवून, उन्हापासून लांब, घरातल्या धान्याच्या खोलीत. दिवाळीनंतर, निघायला चार दिवस राहिले तेव्हा धाकटा अण्णांना ते चाक दाखवत होता. अण्णांनी विचारलं, "वळनात वझं कुटं पडतंय रं?"

धाकट्यानं चाक आडवं धरलं आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. "हितं, अण्णा. गाडी आडवी झाली की समदं हितंच. बोटभर जागा."

अण्णांनी कडेवर अंगठा दाबून बघितला. "कवळं हाय अजून," ते म्हणाले.

मी हसलो. पण त्यांचं बरोबर होतं. कोऱ्या टायरला वरून एक गुळगुळीत थर असतो, तो घासून गेल्याशिवाय टायर रस्ता धरत नाही. तो थर रविवारी सकाळच्या सरावात घालवायचा असं आमचं ठरलं होतं.

निघायच्या दिवशी चाक अण्णांनीच बांधून दिलं, जुन्या गोधडीत गुंडाळून, वरून दावं आवळून. "तितं गेल्यावरच सोडा," ते मला म्हणाले. "मदी वाऱ्याला लावू नका." म्हाताऱ्याची माया, एवढंच मला वाटलं. होतीही ती तीच.

शनिवारपर्यंत जुन्या टायरवर भागवलं. पात्रता फेरीत धाकटा आठवा आला आणि तेवढ्यात तो टायर पार संपला. बोटानं चाचपला तर लिंबाच्या सालीसारखा गुळगुळीत. काही बिघडत नव्हतं. कोरं चाक गोधडीत होतं.

रविवारी सकाळी धाकटा खेळाडूंच्या बैठकीला गेला. मी दावं सोडलं, गोधडी उलगडली आणि चाक उन्हात टेकवलं. टायर तापवायची आमची रीत तेवढीच. मग ब्रेकमध्ये डोकं घालून बसलो. थोड्या वेळानं वास आला. पेट्रोल आणि जळक्या रबराच्या त्या आवारात साजूक तुपाचा वास, आमच्या घरी कढवलेल्या. आधी वाटलं, भूक लागली असेल.

मग मी चाकाकडं बघितलं. टायरच्या दोन्ही कडा पिवळ्याधमक होत्या आणि उन्हानं पाझरत होत्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळण असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू पडतं तो बैलाचा खांदा गरम पाण्यानं शेकायचा, त्याला तूप-हळद लावून मळायचं आणि बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. जिथं ओझं पडतं तिथं तूप लावायचं, एवढं साधं शास्त्र. अण्णांना ओझ्याची जागा कळली होती. धाकट्यानंच दाखवली होती. त्यांनी नुसतं बोट फिरवलं नव्हतं. धान्याच्या खोलीत बसून रोज मळलं असणार, कारण तूप रबरात मुरलं होतं.

मला आधी हसू आलं, अगदी खरं सांगतो. मग दुसरा टायर कुठं मिळतो ते बघायला उठलो.

शेजारच्या तंबूत एक अर्धा झिजलेला टायर उभा होता. ती माणसं चांगली होती, मागच्या राउंडला त्यांनी मला पुली काढायचं हत्यार दिलं होतं. मी गेलो आणि टायर मागितला. त्यांच्या मेकॅनिकनं सहज विचारलं, "नए वाले को क्या हुआ?"

त्यावर खरं उत्तर एकच होतं: माझ्या बापानं त्याला तूप लावलंय. ते उत्तर माझ्या जिभेवर आलं आणि त्याच्या पुढचं सगळं मला दिसलं. हा त्याच्या पोरांना सांगणार, ती पोरं पलीकडच्या तंबूत सांगणार, दुपारपर्यंत सगळं आवार पोट धरून हसणार. आम्हाला तिथं 'गाववाले' म्हणायचे, ते मी चालवून घेत होतो. पण अण्णांवर हसणारी ती तोंडं मला सोसवेनात. दुसरं काही सांगावं तर तो उठून चाक बघायला आला असता, आणि तुपाचा वास लपणार नव्हता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा राग आला. "कुछ नहीं," म्हणालो, घोटभर पाणी प्यायलो आणि परत आलो.

मग साबण लावला. मग पेट्रोल. मग सँडपेपर. टायरची हळद निघाली आणि माझ्या बोटांना चढली. वास गेला असं वाटलं. पण पेट्रोल एकदा नाकात भिनल्यावर नाकाचं काय खरं?

धाकटा उपम्याची प्लेट घेऊन आला. खुशीत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "हात पिवळे कावून रं दादा?"

"नाश्त्याची भाजी," मी म्हणालो.

"आन् नवं चाक?"

"बेअरिंगला खरखर वाटती. बघतो. सकाळचा सराव जुन्यावर काढ, हळूच." मला तो टायर आणखी धुवायला वेळ हवा होता.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला आणि खायला लागला. दोन वर्षांत त्यानं मला एकदाही उलटून विचारलं नव्हतं. गाडी माझी जबाबदारी, चालवणं त्याची. त्या दिवशी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी कोरं चाक चढवून आम्ही सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिलो. आठवी जागा. मी उकिडवा बसून टायरला हात लावला. गरम होता. कोरडा वाटत होता. अजून वेळ होता. हेल्मेटला तोंड लावून चार शब्द सांगायचे होते. चिडला असता, पण सावरून गेला असता, सातवा-आठवा येऊन धड हाडांनी घरी आला असता. पण मग तिसरी जागा गेली असती, आणि कुणामुळे गेली हे आयुष्यभर घरात राहिलं असतं. मी म्हणालो, "पहिला लॅप सबुरीनं घे."

काचेआडून त्याचे डोळे हसले. "पहिल्याच लॅपला तर दोघं मागं टाकायचेत बे," तो म्हणाला. मला 'बे' तो फार आनंदात असला तरच म्हणायचा.

आम्ही उभे होतो तिथून फक्त सरळ रस्ता दिसायचा. गाड्या गेल्या, आवाज लांब गेला, वळणांमागं विरला. मग परत येऊ लागला. मी मोजू लागलो. पाच गेले, सहा गेले, सात गेले. आठवी गाडी दुसऱ्याच रंगाची होती. शेवटची जाईपर्यंत मी मोजत राहिलो, आणि लांब तिसऱ्या वळणाकडं पिवळे झेंडे हलताना दिसले.

खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्याच्या खोलीत मी गेलो तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते. "दादा, माजंच चुकलं," तो म्हणाला. "लई घाई केली. चाक तू इतकं भारी करून दिलतंस, आन् मी आडवी टाकली. गाडीचा काहीच दोष न्हाई."

मी म्हणालो, "होतं असं."

एवढेच दोन शब्द. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो आहे, गॅरेजवाला आहे. गिऱ्हाइकाला 'संध्याकाळी देतो' म्हणतो आणि तीन दिवस देत नाही. पण ते दोन शब्द अजून माझ्या घशात आहेत.

कधी कधी मी स्वतःची समजूत घालतो. टायर कोराच होता, सकाळी घासला नव्हता, त्यामुळेही सटकला असेल. त्याची घाईही झाली असेल. असेलही. पण कोरा टायर सकाळी का घासला नाही, हे मलाच माहीत आहे. अण्णांनी तूप लावलं, पण ते चाक अण्णांनी गाडीला चढवलं नव्हतं.

संध्याकाळी ताडपत्री सोडली. मॅनेजर फिरकला नाही, त्यात त्याची काही चूक नव्हती. पिकअपमध्ये गाडी चढवायच्या आधी मी तो टायर पुन्हा एकदा पेट्रोलनं पुसला. कशासाठी पुसला कोण जाणे, बघणारं कुणी नव्हतं.

घरी आलो तर अण्णा वाटेवर उभे होते. झोळीत अडकवलेला हात त्यांनी बघितला, पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हाड जुळतंय. जीव गेल्यावर जुळत न्हाई. वाचलास, लई झालं." मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "ते चाक कुटं हाय? टाकू नगंस. मला दे." त्यांच्या डोळ्यांत अशी काही खूण होती, जणू आम्हा दोघांनाच एक गोष्ट माहीत आहे. आणि होतीच. मी चाक काढून दिलं. अण्णांनी ते गोठ्याच्या दाराला टांगलं आणि वर आंब्याची पानं बांधली.

हाड वाकडं जुळलं. धाकट्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तो पुन्हा गॅरेजात बसू लागला, पण गाडीची चक्कर मारून बघ म्हटलं की म्हणायचा, "तूच बघ." वळण आलं की गाडी इतकी हळू करायचा की मागचे हॉर्न द्यायचे. कुणी विचारलं, शर्यत कावून सोडली, तर त्याचं उत्तर ठरलेलं: "जमलं न्हाई मला. त्या लायकीचा नव्हतोच." तो हे माझ्यासमोर म्हणायचा आणि मी नट पिळत राहायचो. दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा तर "ऐक" एवढं म्हणूनही झालं. पण त्याला सांगितलं असतं तर ते आज ना उद्या अण्णांपर्यंत गेलं असतं, आणि सत्तरीच्या माणसाला तू तुझ्या पोराचा हात मोडलास, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? एकाला उभं करायचं तर दुसऱ्याला पाडावं लागत होतं. मी कुणालाच हात लावला नाही, आणि त्यात मी स्वतः सुखरूप राहिलो, हेही आहेच.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं गोठ्यात होतो. अण्णांनी दोन्ही बैलांचे खांदे शेकले, मळले. तूप-हळदीची वाटी माझ्या हातात होती. बैल झाल्यावर अण्णांनी वाटीत बोटं बुडवली आणि दाराला टांगलेल्या चाकाच्या कडेवरून फिरवली. मग धाकट्याला म्हणाले, "बारक्या, सदरा काढ. बस हितं. तुज्या बी खांद्यावर लई वझं पडलंय."

तो हसला आणि बसला. बरेच दिवसांनी हसला. अण्णा त्याच्या वाकड्या हाडावर हलक्या हातानं तूप मळू लागले. धाकटा समोरच्या चाकाकडं बघत होता.

"चाकाला कावून लावता, अण्णा?"

"आजच लावलंय व्हय? तुमी निगायच्या आदी चार दिस मळत व्हतो. तूच न्हाई का दावलंस, वझं हितं पडतंय म्हणून?" अण्णांच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. "म्हणून तर खांद्यावर भागलं, लेकरा. न्हाईतर तेवढ्या जोरात पडलेला मानूस उटत असतो का?"

धाकटा हलला नाही. तो चाकाकडं बघत राहिला, मग मान वळवून त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. वाटी धरून धरून माझी बोटं पिवळी झाली होती. त्यानं बोटं बघितली, मग माझं तोंड बघितलं. मी नजर खाली घातली. त्याला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

आता हा बोलणार, असं मला वाटलं. बैल रवंथ करत होते. अण्णा मळत होते.

"अण्णा," तो म्हणाला, "मागच्या अंगाला ऱ्हायलं. तितं बी लावा."

अण्णांनी मागच्या अंगाला लावलं. मग बैलाला सांगतात तसं त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवायला ये." दुसऱ्या दिवशी धाकटा अण्णांच्या शेजारी बसून पुरणपोळी जेवला, त्यांच्या आग्रहाची एक जास्त खाल्ली.

गॅरेजात तो त्या दिवसापासून आलेला नाही. अण्णांबरोबर मेंढरं घेऊन जातो. परवा पाराजवळ कुणीतरी त्याला विचारलं, शर्यत कावून सोडली. अण्णा तिथंच बसले होते, मीही होतो. "जमलं न्हाई मला," तो म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता मेंढरांमागं निघून गेला.